लाल टोक डोक्याशी

सकाळचे ऊन आमच्या खोलीत एकदम शिरत नाही. आधी ते पूर्वेच्या काचेवर थबकते, फडक्याने पुसल्याच्या गोल खुणा उजळते, मग सलाइनच्या स्टँडवरून घसरत फरशीवर उतरते. तिथून चाकांच्या खाटेचे एक चाक, मग दुसरे, मग स्टीलच्या ट्रेची कड. ट्रेवरून उडालेला कवडसा छतावर थोडा वेळ थरथरतो. सगळ्यांचे झाल्यावर शेवटी ते दारामागच्या खुंटीशी येते. तिथे मी टांगलेला असतो. ऊन माझ्या अंगावरून सावकाश खाली सरकते आणि माझे आठही रंग एकेक करून जागे होतात. त्या सकाळी मात्र मी उन्हाच्याही आधी जागा होतो.

मी एक जुना मोजपट्टा आहे. शिंप्याच्या गळ्यातला नव्हे, रुग्णालयाच्या अपघात विभागातला. मित्रांनो, मोठ्या माणसांना बरीचशी औषधे ठरलेल्या मापाने देता येतात, पण मुलांना ती त्यांच्या वजनाप्रमाणेच द्यावी लागतात. आणि गुदमरणाऱ्या मुलाला काट्यावर उभे कोण करणार? म्हणून उंचीवरून वजनाचा अंदाज घ्यायला मला त्याच्या शेजारी अंथरतात. लाल टोक डोक्याशी धरायचे, टाच ज्या रंगावर येईल त्या रंगाचा खण उघडायचा. औषधाचे माप, श्वासाच्या नळीची जाडी, मुखवट्याचा आकार, सारे त्या खणात तयार असते.

उमेदीच्या काळात मी कितीतरी इवल्या टाचा पाहिल्या. एकदा एक म्हातारे डॉक्टर मला घडी घालताना म्हणाले होते, "हा आहे म्हणून माझा हात कापत नाही." ते शब्द मी अजून जपून ठेवले आहेत. पुढे मुले कमी येऊ लागली आणि माझ्यावर मोठ्यांच्या दुखावलेल्या मानेला बांधायचे गळपट्टे टांगले जाऊ लागले. दर वेळी औषधाने पुसून पुसून माझे लाल टोक विसविशीत झाले. विभागातली मांडामांड पाहणाऱ्या मदतनीस मामांना अस्ताव्यस्त काही खपत नसे. त्यांनी कात्री घेतली, दशा कापल्या आणि कापलेल्या टोकाला नवी लाल पट्टी सफाईने चिकटवली. मी पुन्हा देखणा दिसू लागलो. त्याहून जास्त विचार मी केला नाही.

दरवर्षी आमच्याकडे मोठ्या दुर्घटनेचा सराव होतो. त्यात जखमी व्हायला माणसे लागतात, आणि लहान मूल व्हायचा मान दरवर्षी फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे जाई. गळ्यात पाटी, 'बालक, वय चार वर्षे'. मला त्याच्याशेजारी अंथरले की मी त्याच्या पोटरीशीच संपत असे. सगळे हसत आणि मला गुंडाळून ठेवत.

यंदा मुख्य सिस्टरांनी ठाम नकार दिला. "चार वर्षांच्या मुलाला मिशा असतात का, मामा?"

"पण सिस्टर, खरी मुलं आणली तर गोंधळ होईल."

"तोच तर पाहायचाय. खऱ्या दिवशी ती काय रांगेत येणारेत?"

म्हणून त्या सकाळी कर्मचाऱ्यांची अकरा मुले दारात उभी होती, आणि माझ्या अंगात आनंद मावत नव्हता. प्रत्येकाच्या मनगटावर नावाची आणि पालकाची चिठ्ठी बांधली गेली. एका भावाने बहिणीचा हात सोडायला साफ नकार दिला. सिस्टरांनी तिथल्या तिथे योजनेत लिहिले: भावंडांना एकत्र ठेवणे. आजवर हे कुणाला सुचलेच नव्हते.

मग मला बोलावणे आले. खाटेवर सिस्टरांची धाकटी लेक होती, सगळ्यांची पिटुकली.

"आई, मी खरं लागल्यासारखी रडू?"

"रड, पण पाय हलवू नकोस."

तरुण डॉक्टरांनी मला अंथरले. लाल टोक डोक्याशी. टाच आली निळ्यावर.

सिस्टर थबकल्या. "निळा? कालच शाळेच्या कार्डासाठी वजन केलंय हिचं. सतरा किलो. पांढरा यायला हवा."

"उंच असेल हो मुलगी."

"उंच? वर्गात सगळ्यात पुढे उभी करतात हिला."

चूक काट्याचीच असणार, असे मी स्वतःला बजावले. पट्टा खोटे बोलत नाही, हे मी जन्मभर ऐकत आलो होतो.

तेवढ्यात दार धाडकन उघडले. हा सराव नव्हता. एका आईच्या हातांत तिचे लहान मूल होते. ताप चढला होता आणि अंगाला झटके येत होते. डॉक्टरांचा हात माझ्याकडे झेपावला. माझा रोम न् रोम ताठ झाला. इतक्या वर्षांनी माझी वेळ आली होती.

"तो नको," सिस्टर म्हणाल्या. "मामा, कपाटातला नवा काढा. सीलबंद आहे तो."

नवा पट्टा अंथरला. टाच पिवळ्यावर आली, पिवळा खण उघडला, सुई भरली गेली. मी शेजारच्या खाटेवर पडून पाहत होतो. थोड्या वेळाने झटके थांबले. मूल कुरकुरले, मग चांगले भोकाड पसरले. त्याच्या आईने भिंतीला पाठ टेकली आणि ती तशीच खाली बसली.

गडबड निवल्यावर मामांनी आम्हा दोघांना टेबलावर शेजारी ठेवले, लाल टोकाला लाल टोक लावून. नव्याचा पिवळा जिथे संपत होता, तिथे माझा पांढरा कधीच सुरू झाला होता. मामांनी माझ्या चिकटवलेल्या लाल पट्टीवरून बोट फिरवले.

"ही माझ्या कात्रीची करामत," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही नीटनेटका केलात, मामा," सिस्टर म्हणाल्या. "मोजून आम्ही कुणीच पाहिला नाही. मिशीवाल्या बाळावर काय कळणार होतं?"

कात्री लागल्यापासून एकाही खऱ्या मुलासाठी मला उघडले गेले नव्हते. विभागाचे नशीब थोर. ते मूल त्या दिवशी माझ्यावर मोजले गेले असते, तर त्याच्याहून जड मुलाच्या रंगाचा खण उघडला असता आणि सुईत त्याला सोसणार नाही इतके औषध भरले गेले असते.

आता मी शिकाऊ परिचारिकांच्या वर्गात असतो. पहिल्याच दिवशी त्या मला नव्या पट्ट्याशी ताडून पाहतात, आणि सरावाला दरवर्षी खरी मुले येतात. मित्रांनो, तुमच्या शाळेत आगीचा किंवा भूकंपाचा सराव झाला, तर धीटपणे विचारा: यात सगळ्यांत लहान कोण आहे, आणि त्याच्या मापाचे काय ठेवले आहे? जुन्या वस्तूंवर माया करा, पण त्यांना मोजूनही पाहा. त्या आपणहून सांगत नाहीत. मीही सांगितले नव्हते. मामांची कात्री फिरली, त्याच क्षणी मला कळले होते.

मी चार बोटे तोकडा आहे.