बिनभोकाचं कातडं

येफीमचा यात फायदा काय होता, ते आधी मांडू. मनासारखं झालं असतं तर चुलीपाशी दुसरी खुर्ची, टेबलावर दुसरा पेला, आणि ‘दार लाव, गारठा आत येतोय’ असं खेकसणारं एक माणूस. अर्धं वर्ष बर्फाखाली राहणाऱ्या त्या सैबेरियन गावात याहून मोठी कमाई कुणाची नव्हती. भांडवल लागणार होतं एवढंच, लिंक्स या रानमांजराचं एक कातडं. बिनभोकाचं.

कातडं द्यायचं होतं ग्लाफिराला. ती दुकान चालवायची. मीठ, काडेपेट्या आणि काडतुसं एकाच फळीवर. दुकान बंद झालं की फरच्या टोप्या शिवायची. तिचा नवरा, येफीमचा शिकारीतला जोडीदार, चार वर्षांपूर्वी वारला. तो आणायचा त्या प्रत्येक कातड्याला भोक असायचं, आणि ती भोकं आतून शिवण्यात तिचे हिवाळे गेले. म्हणून तिच्या स्वतःच्या टोपीसाठी येफीमला असं कातडं हवं होतं, की भोक बुजवायला सुई लागू नये.

हे तिला सांगितलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण सांगेल तो येफीम कसला?

“काय कुझमिच, मऊ नाकाच्याच गोळ्या ना?” तो दुकानात आला तेव्हा तिने विचारलं. ती त्याला बापाच्या नावानेच हाक मारायची.

“नको. कडक दे, पूर्ण कवचाच्या.”

“कशाला?”

“लिंक्सला.”

“डोकं ठिकाणावर आहे का? कडक गोळी दाभणासारखी आरपार जाते. आपण मेलोय हे जनावराला कळतसुद्धा नाही, ते आपलं पळतच सुटतं. मऊ गोळी आत फुलते, जागेवर आडवं करते.”

“आणि बाहेर पडताना मुठीएवढं खिंडार पाडते.”

“मग छोटी रायफल ने. जवळ जाऊन मार.”

“लिंक्स काय मला जवळ बसवून चहा पाजणारेय?”

“अरे, सेरी होता तोवर कडक गोळी ठीक होती. पळालेलं जनावर कुत्रा हुडकायचा. आता कोण हुडकणार? तू हुंगत जाणार?”

सेरी, त्याचा शिकारी कुत्रा, वसंतातच मेला होता. येफीमने डबीसाठी हात पुढे केला.

“एवढं नाजूक कातडं हवंय तरी कुणाला?”

“व्यापाऱ्याला,” असं म्हणून त्याने गोळ्यांची डबी खिशात घातली.

रानातल्या झोपडीत मग महिना गेला. बाहेर पडताना तो रिवाजाप्रमाणे चुलीपाशी सुकी लाकडं रचायचा, आणि गारठलेल्या बोटांना सापडाव्यात म्हणून काड्या पेटीतून अर्ध्या बाहेर काढून ठेवायचा. येणाऱ्या पाहुण्यासाठी. संध्याकाळी पाहुणा म्हणून तोच परत यायचा.

लिंक्स दिसला ओढ्यापलीकडे. नेम चुकला नाही. जनावर दचकलं, येफीमकडे एकवार बघून पाइनच्या झाडीत शिरलं. बर्फावर रक्ताचा थेंबही नव्हता. एवढ्याशा भोकातून येणार कुठून? येफीम मागावर निघाला. जखमी जनावर सोडून परतणाऱ्याला त्या गावात कुणी शेकोटीपाशी बसू देत नाही. पण बर्फ पडू लागला आणि मागच बुजला. सवयीने त्याने शीळ घातली. कुणी आलं नाही.

लिंक्स सापडला दुसऱ्या दिवशी, डोमकावळ्यांच्या कलकलाटावरून. पोट फाडलेलं, पाठीच्या चिंध्या. गोळीचं भोक बराच वेळ शोधल्यावर दिसलं. अगदी हवं तसं होतं, बारीक.

नवीन वर्षाला तो गावात आला. ग्लाफिराने दुकानामागच्या खोलीत दोन पेल्यांत चहा ओतला.

“काय म्हणतायत कडक गोळ्या?”

“डोमकावळ्यांना आवडल्या.”

ती हसली नाही. “भोकाचं आणलं असतंस तर मी शिवलं असतं. आयुष्यभर तेच केलंय. हिवाळ्यात हाताला काहीतरी हवंच ना, कुझमिच.” मग हळूच विचारलं, “खरंच व्यापाऱ्यासाठी होतं?”

येफीमने तोंड उघडलं. चुलीपाशी दोन खुर्च्या होत्या, एक रिकामीच. तो टोपी फिरवत उभा होता.

“व्यापाऱ्यासाठीच,” तो म्हणाला. “मऊ नाकाच्या एक डबी दे. उजेड आहे तोवर निघतो.”

तिने दिली. दार त्याने नीट लावून घेतलं. कुणाला खेकसावं लागलं नाही.

तर हिशेब असा. लिंक्सने जीव दिला, डोमकावळे फुकट जेवले. येफीमच्या गाठीला गोळ्यांची नवी डबी आली आणि जुनीच झोपडी राहिली. आणि जिला या सौद्यात कुणी काही विचारलंच नव्हतं, त्या ग्लाफिराने दोन्ही पेले एकटीने संपवले. दुसरा तर पार गार झाला होता.