बिघाड माझ्यात नव्हता

मी एक जुना रेडिओ आहे. शिंप्याच्या दुकानात, शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर माझी जागा आहे. लाकडी पेटी, पुढे जाळीचं कापड आणि आवाजाच्या बटणाभोवती एक ते दहा आकडे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे सहसा गोड बोलतात. मला ते जमणार नाही, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

कारखान्यातून नवा आलो तेव्हा माझे फार लाड झाले. मशीन चालू असतानाही चारवर माझा शब्द न् शब्द ऐकू यायचा. पुढे शिंप्याची मुलगी शाळेतून आली की कापडाच्या गठ्ठ्यावर बसून मुलांचा कार्यक्रम ऐकायची आणि मधेमधे मलाच उत्तरं द्यायची. तिला सगळे खारू म्हणत.

एकदा खारूला सर्दी झाली आणि तिचा डावा कान ठणकू लागला. डॉक्टरीणबाईंनी आठवडाभराचं औषध दिलं आणि पुन्हा दाखवायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी कानातून पू आला आणि ठणका एकदम थांबला. झालं, औषधाची बाटली कपाटात गेली. पुढेही कान अधूनमधून वाहायचा. तेव्हा आई कोटाच्या खांद्यात भरायच्या कापसाचा बोळा त्यात घालायची आणि म्हणायची की घाण निघून जातेय, बरंच आहे. फळीवरून मी हे सगळं पाहत होतो.

गठ्ठ्यावर बसलं की मी खारूच्या डाव्या बाजूला यायचो आणि तिच्या उजव्या कानाशी मशीन खडखडायचं. काही महिन्यांत ती मला पाचवर, मग सातवर, मग नऊवर नेऊ लागली. नऊवर माझा घसा फाटतो. गिऱ्हाइकं कपाळाला आठ्या घालायची, आई चिडायची आणि खारू म्हणायची की रेडिओच हळू बोलतो. शिंप्याने मला दोन चापट्या दिल्या. मग दुरुस्तीवाल्याकडे नेलं. पहिल्या खेपेला त्याने माझी धूळ झाडली. दुसऱ्या खेपेला शिंप्याने हट्टच धरला, म्हणून माझा धडधाकट स्पीकर काढून नवा बसवला. दुखणं तिचं आणि चिरफाड माझी! दिवसभर जगाच्या बातम्या सांगणारा मी, पण स्वतःचं एक वाक्य मला बोलता येईना. त्यातच शाळेतून चिठ्ठी आली की मुलीचं वर्गात लक्ष नसतं. तिलाही बोलणी बसली.

तिसऱ्या खेपेला खारू बरोबर होती. या वेळी म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याने मला उघडलंच नाही. त्याने मला चारवर लावलं, खारूला पाठमोरं बसवलं आणि उजवा कान घट्ट दाबायला सांगितलं. मी बातम्या देत होतो. शिंपी ऐकत होता, दारातला माणूसही ऐकत होता.

थोडा वेळ वाट पाहून खारूने विचारलं, "आजोबा, रेडिओ कधी लावणार?"

दुरुस्तीवाल्याने मला बंद केलं आणि म्हणाला, "याला परत आणू नका. हिला दवाखान्यात न्या."

संध्याकाळी शिंप्याने बायकोला डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं. ठणका थांबला होता तो कान बरा झाला म्हणून नाही, तर आतल्या पुवाने कानाचा पडदा फाटला म्हणून. तेव्हाच औषध पुरं केलं असतं आणि पुन्हा दाखवलं असतं, तर तो बहुतेक भरून आला असता. कापसाचा डबा बायकोने उचलून आत ठेवला.

औषधं झाली, पडद्याची शस्त्रक्रियाही झाली. आता शिंपी दर महिन्याला मापाचा खडू घेतो. खारू उजवा कान दाबून बसते. ती हात वर करेपर्यंत तो माझं बटण फिरवतो आणि त्या आकड्यावर खूण करतो. पहिली खूण नऊवर होती. मग आठ, मग सात, मग सहा.

मित्रांनो, दुखायचं थांबलं म्हणून औषध सोडू नका. कोणी सारखा आवाज वाढवत असेल, तर माझ्या पाठीत धपाटा घालण्याआधी त्याचा कान तपासून घ्या. मला नवा स्पीकर मिळाला आहे आणि मी चारवर आजही खणखणीत बोलतो. खारूची खूण मात्र वर्षभर सहावरच पडते आहे.