नववर्षाच्या सकाळी काढलेला केर

का-मिंगच्या घराला चिनी नववर्षाच्या सणात तीनच भिंती असतात. चौथीच्या जागी प्रेक्षक बसतात. हे त्याने मला आधी सांगायला हवं होतं. पण त्याने ते सांगितलं हाँगकाँगच्या त्या उंच इमारतीत, त्यांच्या दारासमोर, बूट काढता काढता.

"आज संध्याकाळपासून उद्या दुपारपर्यंत आमच्याकडे सिनेमा असतो," तो म्हणाला. "दरवर्षी असतो. घाबरू नकोस. विनोदी असतो."

"आणि आपल्या लग्नाचं कधी सांगणार?"

"सिनेमातच सांगतो."

मग त्याने उंबरठा ओलांडला आणि त्याचं इंग्रजी संपलं. आम्ही दोघं एरवी इंग्रजीतच बोलतो, भांडतोही त्याच भाषेत. मी इचलकरंजीची, संज्योत मगदूम. शाम शुई पोच्या कापडबाजारात नमुने निवडायला म्हणून इथे आले आणि का-मिंग लाउच्या दुकानात अडकले. कँटनीज मला बाजारापुरती येते: निळा, जाड, महाग, उद्या या.

परवाच्या विमानाची दोघांची तिकिटं माझ्या पर्समध्ये होती. रविवारी इचलकरंजीत आमच्या घरी सुपारी फुटायची होती. काका सांगलीहून येणार होते, मामा निपाणीहून. नवरा मुलगा चिनी आहे हे पचवायला सगळ्यांना वर्ष लागलं होतं, पण पचवलं होतं. का-मिंगने मात्र स्वतःच्या घरी अजून अवाक्षर काढलं नव्हतं. बाकी राहिलं होतं ते तेवढं एकच वाक्य.

मी आत गेले तेव्हा प्रेक्षक आधीच बसलेले होते. लाल खुर्च्यांच्या रांगा मागे अंधारापर्यंत गेल्या होत्या. लोक कलिंगडाच्या भाजलेल्या बिया फोडत होते आणि सालं सरळ घरात टाकत होते. का-मिंगची आई माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली आणि तिच्या कमरेशी पिवळी मराठी अक्षरं उमटली: "या, या, बसा." वाक्य संपलं तशी अक्षरं खाली पडली. पुढचं वाक्य सुरू झालं की तीच अक्षरं जमिनीवरून उठत आणि नव्याने जुळत. सोय चांगली होती. फक्त लिहिणारा सदाशिव पेठेतला असावा, कारण थोड्या वेळाने का-मिंगची आत्या लाजली तेव्हा तिच्या कमरेशी "इश्श" आलं.

ही आत्या म्हणजे सिनेमातलं विनोदी पात्र. जेवणाच्या गोल टेबलावर तिने माझ्याकडे चॉपस्टिक रोखली.

"ही कोण?"

का-मिंग उभा राहिला. "ही माझी—"

त्याच्या खुर्चीचा पाय मोडला. तो टेबलाखाली गेला. प्रेक्षक हसले, मूठभर सालं माझ्या वाटीत येऊन पडली, आणि खुर्च्यांची पहिली रांग हातभर पुढे सरकली.

"भाड्याने आणलीस ना?" आत्याच्या कमरेशी अक्षरं आली. "गेल्या वर्षीची जरा उंच होती."

"दरवर्षी आणतो," का-मिंगचे वडील मला समजावत म्हणाले. "आम्ही लग्नाबद्दल विचारू नये म्हणून. आम्ही काही बोलत नाही. ही नीट जेवते तरी."

"मी भाड्याची नाही," मी म्हणाले.

माझ्या कमरेशी चिनी अक्षरं उमटली. काय उमटलं ते मला वाचता येईना. प्रेक्षक पोट धरधरून हसले. पहिल्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले आणि तिची खुर्ची आणखी पुढे आली.

का-मिंग टेबलाखालून बाहेर आला. "आई, आम्ही दोघं—" त्याच्या डोक्यावर कपाटातून संत्र्यांची टोपली पडली. "बाबा, परवा मी—" मासा ताटलीतून निसटला आणि वडिलांच्या खिशात गेला. प्रत्येक वेळी हशा, प्रत्येक वेळी सालं, प्रत्येक वेळी रांग थोडी आत. जेवण संपेपर्यंत पहिल्या रांगेचे गुडघे आमच्या टेबलाला लागले होते. एका म्हाताऱ्याने तर माझ्या समोरच्या ताटलीतला तुकडा उचलून खाल्ला. पाहुण्यांच्या घरी पाहुणेच जास्त झाले की बोलायचं तरी कुणाला?

भांडी उचलताना आत्याने मला कोपऱ्यात घेतलं. ती वाईट नव्हती. काम समजावून सांगावं तसं ती सांगत होती.

"उद्या दुपारी शेवट. सगळं घर त्यांच्याकडे तोंड करून रांगेत उभं राहतं, हात जोडून शुभेच्छा देतं. रांगेत जो असतो तो घरातला. भाड्याच्या मुलीने त्याआधी निघायचं असतं. बाहेरून दार ओढून घे, म्हणजे झालं."

"आणि जी खरी असेल तिने?"

"तसं त्याने सांगावं लागतं."

"तो सांगतोच आहे!"

"हो, पण किती मजेशीर सांगतो," आत्या म्हणाली आणि सालांवरून घसरून बादलीत बसली.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला फोन लावला. मला घरच्या माणसाचा आवाज हवा होता.

"बोलला काय घरात?" आईने विचारलं.

"बोलतोय की. जमेना झालंय."

"जमेना म्हणजे? तोंडात काय मूग भरलेत काय त्याच्या? मामा नवी पॅन्ट शिवून बसलाय इथं. हे बघ संज्योत, जबरदस्ती करू नको. पण अर्धवट पण आणू नको त्याला. आणलास तर पुरा आण."

"आई, मला इथं कसंतरी होतंय गं."

"जेवलीस काय?"

माझ्या कमरेशी चिनी अक्षरं येत होती आणि बाहेर लोक हसत होते. आईचंही काहीतरी उमटत असावं, कारण ती बोलली की हशा जास्त मोठा व्हायचा. मला संताप आला. माझ्यावर हसा, मी आले आहे तुमच्या सिनेमात. पण तिकडे ओट्याशी उभं राहून काळजी करणाऱ्या बाईवर काय हसता? मी फोन ठेवला. रांग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली होती. मला बाहेर पडायला अंग चोरावं लागलं.

झोप लागली नाही. आत्याच्या खोलीत मला अंथरूण दिलं होतं, पण लोक मंद उजेडात बिया फोडतच होते, आणि मी कूस बदलली की कुणीतरी हलकेच हसायचं.

सकाळी उठले तर घरात घोट्यापर्यंत सालं. पाय ठेवीन तिथे करकर. घरचे सगळे नवे लाल कपडे घालायला आपापल्या खोल्यांत गेले होते. सण, सकाळ, दारात पाहुणे यायची वेळ, आणि घरात हा उकिरडा! दिवेलागणीनंतर केर काढू नये एवढं मलाही कळतं. पण सणाच्या सकाळी केर न काढणं आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. सून म्हणून उभं राहायचं तर काहीतरी करून दाखवावं, असंही मनात होतंच. कशाला खोटं बोलू?

केरसुणी सापडेना. शेवटी कपाटामागे मिळाली, लाल कागदात नीट गुंडाळून दोरीने बांधलेली. मला बरं वाटलं. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाची नवी केरसुणी अशीच निगुतीने ठेवतात. इथेही तिला लक्ष्मी मानतात तर, मी म्हटलं. मी पर्समधून कुंकवाची डबी काढली, केरसुणीला बोट लावलं आणि नमस्कार केला.

प्रेक्षकांचं बिया फोडणं थांबलं.

मी आतल्या खोलीपासून सुरुवात केली. केर आतून बाहेर, कोपरे आधी, हे आईचं शिक्षण. सालं, संत्र्यांच्या साली, माशाचा काटा. सालांमध्ये पिवळी अक्षरंही होती, कालची, पडलेली. वेलांट्या, काने, मधूनच एखादं चिनी अक्षर कोळ्यासारखं पाय पसरलेलं. बोलून झालेली वाक्यं कुणाला हवीत? मी सगळं दारापर्यंत ओढलं, उंबरठ्यावरून पलीकडे लोटलं आणि जिन्यावरून खाली ढकललं. केर पायऱ्यांवरून बराच वेळ सळसळत गेला. जमीन चकचकीत निघाली. मी केरसुणी हातात घेऊन वळले.

लाल कपड्यांत सगळं घर उभं होतं.

का-मिंगची आई ओरडली. तिच्या कमरेशी काहीही आलं नाही. ती पुन्हा ओरडली, दाराकडे धावली, जिन्यात डोकावली आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. वडिलांनी माझ्या हातातली केरसुणी घेतली आणि परत कागदात गुंडाळू लागले, पण दोरीची गाठ त्यांना बसेना. आत्या तीच तीच दोन-तीन वाक्यं बोलत राहिली, एकदा जमिनीकडे, एकदा दाराकडे हात करून. घरातून लक्ष्मीसारखं काहीतरी गेलं होतं आणि ते मी घालवलं होतं, एवढं हातवाऱ्यांवरूनही कळत होतं.

"मी तर फक्त केर काढला," मी म्हणाले. माझ्याही कमरेशी काही उमटलं नाही; उठायला जमिनीवर अक्षरंच उरली नव्हती.

चुलत भावंडं आली. एकाने दारात मुद्दाम पाय अडखळवला, सवयीने असावं. तो धाडकन आपटला आणि त्याला लागलं. कुणी हसलं नाही. वडील मोडक्या खुर्चीवर बसले आणि ती कोसळली नाही. संत्री टोपलीत राहिली. एवढ्या लोकांनी भरलेलं ते घर आमच्या गल्लीत कुणी गेल्यावर असतं तसं गप्प झालं. आणि न हसताही खुर्च्या पुढे येत होत्या. टेबल मागे ढकललं गेलं, मग भिंतीशी उभं केलं गेलं. पहिल्या रांगेचे गुडघे माझ्या पोटऱ्यांना लागत होते. त्यांच्या श्वासाची ऊब मला पाठीवर जाणवत होती.

दुपार झाली. वडिलांनी टाळी वाजवली. शेवट करायलाच हवा होता.

सगळे मागच्या भिंतीला लागून रांगेत उभे राहिले, प्रेक्षकांकडे तोंड करून. वडील, आत्या, भावंडं, आणि डोळे सुजलेली आई. मध्ये का-मिंग. त्याच्या शेजारी एक जागा मोकळी होती. कुणी ठेवली ते मला दिसलं नाही. मी प्रेक्षकांचे गुडघे आणि ही रांग यांच्यामध्ये उरलेल्या वीतभर जमिनीवर उभी होते. दार डावीकडे होतं. आत्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

का-मिंग रांगेतून बाहेर आला.

तो घरच्यांकडे पाठ करून माझ्यासमोर उभा राहिला आणि बोलू लागला. मी वर पाहिलं, कपाटाकडे, सवयीने. काही पडलं नाही. काही मोडलं नाही. त्याचं वाक्य पहिल्यांदाच अर्ध्यावर तुटलं नाही. ते लांब होतं, त्यानंतर दुसरं आलं, तिसरं आलं. त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा खोल होता. मी त्याच्या कमरेकडे बघत राहिले. तिथे नुसता लाल शर्ट होता. बाजारात शिकलेल्या शब्दांतला एकही त्यात येईना. निळा नाही, जाड नाही, महाग नाही. 'उद्या' आलं असं एकदा वाटलं, पण तेवढ्यात ते निघूनही गेलं.

त्याच्या आईने तोंडावर हात घेतला. वडील खाली बघत होते. माझ्यामागे कुणीतरी नाक ओढलं, मग दुसऱ्याने, मग मागे अंधारापर्यंत सगळे रडू लागले. इतके लोक एकदम कशाने रडतात? मुलगी मिळाली की रडतात, मुलगी गेली की रडतात. आमच्याकडे तर दोन्हीला त्याच बाया रडतात. मी मागे वळून त्या पहिल्या रांगेतल्या बाईकडे पाहिलं, काल खदाखदा हसणाऱ्या. तिने माझा दंड धरला आणि हुंदका देत मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी, तिचं तिला माहीत.

"का-मिंग," मी म्हणाले, "पुन्हा सांग. इंग्रजीत. हळू. तू येतोयस की मी राहतेय? की मी एकटीच जातेय?"

त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, अगदी लक्ष देऊन, डोळे भरून. त्यालाही काही कळलं नव्हतं. मग त्याने एक छोटा प्रश्न विचारला. प्रश्नच होता, शेवटी आवाज वर गेला आणि तिथेच थांबला. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. मागच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. दोन वर्षं मी या माणसाच्या तोंडून, त्याच्या घरच्यांसमोर, एक प्रश्न ऐकायला थांबले होते, आणि आता तो आला होता. तो तोच नसेल असं मला क्षणभरही वाटून घ्यायचं नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

वडिलांनी डोळे मिटले. आईने रांगेच्या मध्याकडे एक पाऊल टाकलं. मग आत्याने टाकलं, मग भावंडांनी, दोन्ही बाजूंनी, खांद्याला खांदा लावत. मघाशी दोन जागा मोकळ्या होत्या, का-मिंगची आणि त्याच्या शेजारची. आता एकच उरली. सगळ्यांनी हात जोडले, समोर बघून हसले आणि शुभेच्छा म्हणायला श्वास घेतला, आणि आम्ही दोघं अजून रांगेच्या बाहेर होतो.