पाणी सुटलेलं क्रीम

बुवापाड्यात रामभाऊंना सगळे 'भेगांच्या क्रीमवाले' म्हणूनच ओळखत. एक गाळा, त्यात तापवायची टाकी, ढवळायचं मशीन आणि कामाला चार बाया. क्रीमचं सगळं गणित त्यांच्या थोरल्या लेकीला, प्रीतीला, तोंडपाठ होतं. त्यातली मुख्य वस्तू सिटोस्टिअरिल अल्कोहोल. नाव दारूचं, पण दिसायला पांढऱ्या मेणचट पापड्या. तेल आणि पाणी एकमेकांना धरून राहायचं ते या पापड्यांच्या जिवावर.

यंदा तिकडे इंडोनेशिया-मलेशियात या पापड्या ज्यापासून बनतात ते पाम कर्नल तेल कडाडलं आणि इकडे पापड्यांची गोणी दर खेपेला महाग येऊ लागली.

"पप्पा, डबीचा भाव वाढवू या," प्रीती म्हणाली.

"वाढवला की दुकानदार दुसऱ्याचा माल ठेवतील," धाकटा सुयोग म्हणाला. विक्री तोच बघायचा.

रामभाऊ गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा सुयोगने आपल्याला हवा तो अर्थ काढला. प्रीती नात्यातल्या एका लग्नाला बदलापूरला गेली होती, तेव्हा त्याने पापड्या निम्म्यावर आणल्या आणि घट्टपणासाठी कसलीशी स्वस्तातली पावडर घातली. क्रीम दिसायला अगदी तसंच झालं. प्रीतीलाही परत आल्यावर काही कळलं नाही.

एप्रिलचं ऊन तापलं आणि दुकानांतून फोन सुरू झाले. डबीत खाली पाणी, वर तेलाचा तवंग. प्रीतीने एक डबी उघडून क्रीम बोटांवर घेतलं. बोटांवरून नुसतं पाणी ओघळलं.

"काय घातलंस यात?"

"सगळेच करतायत, ताई," सुयोग खाली बघत म्हणाला.

रामभाऊंनी दुकानांतला सगळा माल परत आणायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, पिशव्या घेऊन ते उल्हासनगरला निघाले. प्रीती मागोमाग गेली.

तिथल्या कॅम्प दोनमधले दुकानदार लछमणदास यांनी त्यांना बघून कपाळाला हात लावला. "रामभाऊ, आप क्यों आये? लडके को भेज देते."

"डबीवर नाव माझं आहे, शेठ."

डब्या पिशवीत भरून झाल्यावर फळीवर तेलाचे डाग राहिले होते. रामभाऊंनी खिशातला रुमाल काढून ते पुसले. लछमणदासांनी बघितलं, आणि फळी पुसून होताच तिथे दुसऱ्या कंपनीच्या ट्यूबा मांडल्या.

"जगह खाली नहीं रख सकता, भाऊ."

"बरोबर आहे तुमचं," रामभाऊ म्हणाले. बाहेर आल्यावर प्रीतीने त्यांच्या हातातल्या जड पिशव्या घेतल्या.

पावसाळ्याआधी गाळा बंद झाला. कामाच्या बायांत सरस्वतीबाई सगळ्यांत जुन्या. त्यांनी प्रीतीला विचारलं, "या वयात मला कोण घेणार गं?" प्रीतीला स्वतःला आनंदनगरच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये काम मिळालं. सुयोग पार्सलं पोचवू लागला. घरात बाप आणि मुलगा जेवायला एकत्र बसत, पण मीठ हवं असलं तरी रामभाऊ प्रीतीलाच सांगत.

दिवाळीच्या सुमारास कारखान्यात माल घेऊन आलेला माणूस सहज बोलून गेला, की पापड्यांचा भाव चांगलाच उतरलाय. जेवणाच्या सुट्टीत प्रीतीने सुयोगला फोन लावला.

"भाव पडलाय रे."

पलीकडे सुयोगने गाडी रस्त्याच्या कडेला घेतल्याचा आवाज आला.

"पप्पांना सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगू, आता उगाच जिवाला लागेल त्यांच्या." मग त्याने विचारलं, "जेवले का ते?"

"तूच विचार ना त्यांना फोन करून."

"पुढचं पार्सल द्यायचंय," सुयोग म्हणाला. मग फोन कट झाला.