वरची पट्टी

तेरखेड्याकडं जाणाऱ्या हायवेवर एक कला केंद्र आहे. चंद्रप्रभा तिथं पोरवयापासून गाते. शब्द तिचे, चालही तिचीच. दुपारी भाकरी थापताना सुचलेली ओळ संध्याकाळी पेटीवर चढायची. लोक त्या गाण्यांवर जीव टाकायचे, पण घरी बायकोसमोर तिचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. वा रे रसिक!

तिच्या घराण्याची रीत अशी : गाणाऱ्या बाईनं लग्न करायचं नाही, तिच्या कमाईवर भावाचा संसार चालायचा आणि तिचा गळा थकला की तिच्या लेकीच्या पायात घुंगरांचे चाळ बांधायचे. लोक याला रीत म्हणतात. मी खाटीकखाना म्हणतो.

वर्षभर चंद्रप्रभाचा गळा बसत चालला होता. कुणाला कळू नये म्हणून ती नवी गाणी खालच्या पट्टीत बांधी आणि वरची ओळ साथीच्या बायकांकडं सोपवी. लेक अक्षरा दहावीला होती. परीक्षा झाली की पोरीला लातूरच्या वसतिगृहात ठेवायचं, तोवर कसंही करून गात राहायचं, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

"आक्का, आजकाल लई दमानं गातीस," भाऊ अंबादास त्या दिवशी जेवताना म्हणाला.

"लोकांना असंच आवडतंय आता."

"लोकांना व्हय?" तो हसला. ते हसणं तिला बरं वाटलं नाही.

संध्याकाळी उमरग्याकडचे जुने शौकीन नागप्पा बैठकीला आले. टेकल्या टेकल्या त्यांची फर्माईश, "बाई, तुमचं ते जुनं होऊ द्या. 'माळावरची वाट माझी, येणाऱ्यानं हळू यावं.'"

त्या गाण्याचा शेवट वरच्या पट्टीतला, तिनंच तरुणपणी हौसेनं बांधलेला. नाही म्हणावं तर दारात अंबादास उभा. मुखडा कसाबसा निभावला. शेवटाला तिनं आवाज चढवला आणि गळ्यातून नुसता वारा आला. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

तेवढ्यात पडद्यामागून ती ओळ कुणीतरी उचलली. स्वच्छ, खणखणीत आवाज. पडद्यामागं पुस्तक घेऊन बसलेल्या अक्षराला आईची फजिती बघवली नाही. आईला वाचवायला गेली हो, बिचारी!

टाळ्यांनी पत्रे दणाणले. "कोण हाय ती? पुढं आणा!" नागप्पा उठून ओरडले. अंबादासनं पडद्याला हात घातला.

चंद्रप्रभा आडवी आली. "हात काढ."

"आक्का, शोभा करू नको. तुझा गळा गेलाय. रीत हाय आपली."

"ती रीत माझ्यापाशी संपली."

तिनं माइक ओढला. आवाज फाटलेला होता, पण शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. "ती माझी अक्षरा. दहावीला हाय. ज्याच्या घरी एवढी लेक असंल, त्यानं इथं यावं आन् माझ्या तोंडावर म्हणावं, पोरीला पुढं आण."

कुणी पुढं आलं नाही. नागप्पा खाली बसून पान चघळू लागले.

पण उठून घरीही कुणी गेलं नाही. सगळे तिथंच बसून आहेत, पडद्याकडं बघत. त्या पडद्याला पाठ लावून ती बाई एकटी उभी आहे. आधी कोण उठणार, सांगा.