अब्बांनी हातात तोलून घेतलेली एसएसडी

सोमवारी पुण्याच्या एका कापड कंपनीत माझी मुलाखत होती, घरूनच, लॅपटॉपवर. दोन वर्षं बसून काढलेली साडीच्या काठांची चित्रं दाखवायची आणि नोकरी घ्यायची, एवढंच. अडचण होती लॅपटॉपची. तो चालू करून मी भाकरी थापायला बसायचे; टोपलं भरलं तरी पडद्यावरचं गोल फिरतंच असायचं. जुनी हार्ड डिस्क काढ, एसएसडी बसव, पळेल, असं सगळेच म्हणाले.

म्हणून शनिवारी बेलापूरहून अब्बांना घेऊन श्रीरामपूरला गोरक्षच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. आमचे अब्बा, नूरुद्दीन, बोकडांचे व्यापारी. बाजारात बोकड नुसतं उचलतात आणि मटण किती पडेल ते सांगतात. कधी चुकत नाहीत. तिथंच आमचं नशीब फुटलं.

गोरक्षनं दोन एसएसडी पुढं ठेवल्या. एक माहितीतल्या कंपनीची, परवडणारी, पण जागा कमी. दुसरीचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. जागा आठपट, आणि तरी स्वस्त.

"अब्बा, पहिली घेऊ."

अब्बांनी पहिली तळहातावर झेलली. "ह्यात काय न्हाई." दुसरी झेलली आणि चेहरा खुलला. "ही बघ, कशी भरलीय!"

"अब्बा, एसएसडी हलकीच असती."

"हलकं जनावर आजारी असतंय, बेटा."

"चाचांचा हात लई पक्का," गोरक्ष म्हणाला. "जुनी डिस्क मला द्या, अजून कमी करतो."

त्यानं नवीत विंडोज घातली, माझी चित्रं उतरवली, फायलींची नावं दाखवली.

"एखादं उघडून बघू ना," मी म्हणाले.

"डोकी बरोबर भरली न्हवं?" अब्बांनी बोकडं मोजावीत तशी नावं मोजली होती. "मग चल, गाडी जाईल."

पोरीचं खाजगी कुणाच्या हाती लागायला नको म्हणून गोरक्षनं माझ्यादेखत जुनी डिस्क पुसली. फारच सभ्य माणूस.

घरी आल्यावर बघते तर नावं सगळी जागेवर, चित्र एकही उघडेना. कुणी चोरेल या भीतीनं मी ती दुसरीकडं कुठं ठेवलीच नव्हती.

रविवारी परत दुकानात. गोरक्षनं एसएसडी खोलली. आत नखाएवढं मेमरी कार्ड, आणि शेजारी चिकटवलेला लोखंडी नट. कार्डात विंडोज मावली, तेवढीच राहिली होती. चित्रांची नुसती नावं.

अब्बांनी नट तळहातावर झेलला. "वजन तर बरोबर हुतं."

"मला बी वरूनच असा माल आलाय, चाचा."

"आणि जुनी डिस्क?" मी विचारलं.

"ती पुसली की! अशी पुसलीय ताई, कुनाच्या बापाला बी सापडायची न्हाई." त्याला त्याचा अभिमानच होता.

सोमवारी मोबाईलवरूनच मुलाखत दिली. साहेब म्हणाले, "काम दाखवा." मी सांगत सुटले, इथं हिरवा मोर, इथून जांभळी वेल निघते, आणि बोटानं हवेत मोर काढून दाखवला. मोराची मान काढेपर्यंत साहेबांनी घड्याळ बघितलं.

"ठीक आहे. कळवतो."

अब्बा कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून दाराआड उभे होते. "काय म्हनले?"

"कळवतो म्हणाले."

'फिरून येतो' म्हणून गेलेली गिऱ्हाइकं अब्बांनी जन्मभर बघितलेली. त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, त्या हाताकडं बघितलं, आणि तो तसाच खिशात घातला.