गादीखालचं कापड

वेदरकूमच्या नव्या संग्रहालयातला तो फलक थर्झा पडॉकनं तीनदा वाचला. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, दुसऱ्यांदा चष्मा लावून आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं, म्हणजे ज्यांनी तो लिहिला होता त्या मिस्टर पेलना आपले शब्द नीट ऐकू यावेत.

"'घोड्याच्या केसांचं कापड विणण्याचं काम अकुशल होतं. ते मुख्यतः बायका आणि मुली करीत.' हे तुम्ही लिहिलंत?"

ऑब्री पेल गावच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले. माणूस भला, पण छापलेल्या कागदापुढे मान तुकवायची जन्माची सवय. ते म्हणाले, "शब्द माझा नाही हो मिस पडॉक. कारखान्याच्या जुन्या नोंदींत तसंच आहे. इतिहास कागदावरूनच लिहावा लागतो."

"आणि तो कागद कोणी लिहिला?"

"अर्थात मालकांनी."

"मग हा मालकांचा इतिहास झाला. आमचा कुठल्या भिंतीवर लावलाय तेवढं दाखवा, म्हणजे मी घरी जायला मोकळी."

पेलनी विषय बदलून हात पुढे केला. त्यांच्या हातात एक कागद होता, थर्झाच्या सहीसाठी. तिच्या आईची विणायची लाकडी आकडी ती संग्रहालयाला ठेवायला देणार होती, आणि येत्या शनिवारी उद्घाटनाला स्वतः मागावर बसून विणून दाखवणार होती. कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली होती. वेदरकूममध्ये केसाचं कापड विणता येणारी आता एकटी तीच उरली होती, वय वर्षं एकाहत्तर. त्या कागदावरही आकडीच्या नावापुढे तोच शब्द टाइप केलेला होता. अकुशल कामाचं अवजार.

थर्झानं कागदाची घडी घातली आणि पेलच्या कोटाच्या वरच्या खिशात खोचली. "आधी फलक उतरवा. मग सही."

तेवढ्यात आतून जर्व्हेस स्टॅलर्ड आले. संग्रहालय समितीचे चेअरमन, आणि ज्यांचा कारखाना होता, त्यांचे हे नातू. कारखाना गेला, पण गावातल्या प्रत्येक समितीची खुर्ची स्टॅलर्डांकडे वारशानं येते, तशी ही आली होती. स्वभावानं दुष्ट नव्हते. आपण गावावर उपकार करतो आहोत एवढीच काय ती समजूत, आणि ती तर गावानंच करून दिलेली.

"काय थर्झा, काही अडचण?"

"मिस पडॉक," थर्झा म्हणाली. "कारखाना बंद झाला, जर्व्हेस. आता थर्झा म्हणायचं तर मीही जर्व्हेस म्हणणार."

स्टॅलर्ड हसले, पण कान लाल झाले. पेलनी चाचरत शब्दाचं प्रकरण सांगितलं. स्टॅलर्डनी हात वर केला. "हे बघा मिस पडॉक, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण कोणाला वाईट वाटतं म्हणून इतिहास बदलता येत नाही. फलक राहील. तुम्ही शनिवारी या, टोपी आणि ॲप्रन आम्ही शिवून ठेवलाय."

"टोपी आम्ही कधीच घातली नाही. तेही तुमच्या कागदात असेल का?" असं म्हणून थर्झा बाहेर पडली.

रस्त्यावर आल्यावर ती ताडताड चालायला लागली. रागानं. तो शब्द तिला नवा नव्हता. त्या एका शब्दापायी तिची आई घरी बसली होती.

१९१९ साली थर्झा बारा वर्षांची होती आणि आईच्या मागाशेजारी बुटक्या स्टुलावर बसून केस देत होती. केसाच्या कापडाला आडवा धागा वाहून नेणारा धोटा चालत नाही. उभे धागे सुती, आणि आडवा प्रत्येक धागा म्हणजे घोड्याच्या शेपटीचा एक सुटा केस. विणणारी बाई धाग्यांमधून लाकडी आकडी पलीकडे सारणार, स्टुलावरची मुलगी केसांच्या जुडीतून नेमका एक केस निवडून आकडीत अडकवणार, बाई तो ओढून घेणार. तासाला शेकडो वेळा. त्यात केस मुळाशी जाड आणि टोकाला बारीक. म्हणून एक केस मुळाकडून द्यायचा, पुढचा टोकाकडून, म्हणजे कापड दोन्ही कडांना सारखं भरतं. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, बोटांना कळतो, आणि बोटांना तो कळायला दोन वर्षं लागतात. चुकलं की आई, केझाया पडॉक, मान वर न करता म्हणायची, "उलटं." एवढंच. थर्झा केस फिरवून द्यायची.

त्या वर्षी बायकांनी मागणी केली की आम्हाला कुशल कामगार म्हणा आणि तशी मजुरी द्या. थोरले स्टॅलर्ड म्हणाले, हे काम कोणीही करेल. बायका बाहेर पडल्या, सगळ्यांत पुढे केझाया. तीन आठवडे माग बंद. मालकांनी हट्टानं कचेरीतले चार कारकून मागांवर बसवले आणि आठवड्यात हातभर कापड काढून दाखवलं. तेवढंच एका कोरीव खुर्चीवर ठोकून ती खुर्ची टाउन हॉलला भेट दिली, गावानं बघावं म्हणून. संप मोडला. परत येणाऱ्या प्रत्येक बाईला एका कागदावर सही करावी लागली, माझं काम अकुशल आहे. सगळ्यांनी केली. घरात पोरं उपाशी होती, कोण त्यांना नावं ठेवील? केझायानं केली नाही. ती पुढची वीस वर्षं लोकांचे कपडे धूत होती, आणि थर्झा तेवढी कारखान्यात राहिली, कारण घरातल्या कोणीतरी कमावणं भाग होतं. त्या राहण्याची टोचणी तिला आजही होती.

गुरुवारी बाजार भरला. चौकात डल्सी हॅम्लिनचा चीजचा ठेला. डल्सी थर्झाहून आठ वर्षांनी लहान आणि तोंडानं दुप्पट मोठी. थर्झानं सगळं सांगितल्यावर ती चीज कापता कापता म्हणाली, "मग नको जाऊस. बसू दे त्या जर्व्हेसला टोपी घालून."

"मी गेले नाही तर फलक राहील आणि मी नसेन. ते त्यांना बरंच पडेल. शनिवारी खुर्ची कोणती आणणार आहेत गं?"

"चेअरमनची. टाउन हॉलमधली. गावात शोभेची तेवढी एकच तर खुर्ची." डल्सीची सुरी थांबली. "टोचरी?"

वेदरकूममध्ये त्या खुर्चीला टोचरी म्हणत. तिच्यावर बसून कोणी पंधरा मिनिटांच्या वर भाषण केल्याची आठवण नव्हती. बसणाऱ्याच्या डाव्या मांडीला काहीतरी बोचत राहायचं, म्हणून साठ वर्षांपासून तिच्यावर लाल मखमली गादी होती. गावाला वाटायचं की जुनी झाली म्हणून टोचते. थर्झाला माहीत होतं की ती पहिल्या महिन्यापासून टोचत होती.

"टाउन हॉल झाडायला तूच जातेस ना अजून?"

"सोमवारी आणि शनिवारी." डल्सीनं चीजचा एक तुकडा तिच्या हातावर ठेवला. "गादीला फार धूळ बसलीय बघ. शनिवारी सकाळी घरी नेऊन धुवायलाच हवी."

शनिवारी जुन्या मार्केट हॉलमध्ये, म्हणजेच नव्या संग्रहालयात, पाय ठेवायला जागा नव्हती. बँड वाजला, चहा झाला, पाद्रीबुवा बोलले. स्टॅलर्ड मध्यभागी खुर्चीत बसले होते, गादीविना. पाद्रीबुवांच्या पाचव्या मिनिटाला त्यांनी उजवीकडे भार टाकला. आठव्या मिनिटाला पायावर पाय घेतला. बाराव्या मिनिटाला ते उठून उभे राहिले आणि आदरानं ऐकत असल्याचा चेहरा केला. मागे कोणीतरी खुदकन हसलं.

थर्झा टोपीशिवाय, डोक्याला रुमाल बांधून मागावर बसली होती. पेलनी तिची ओळख करून दिली आणि विणायला विनंती केली. ती उठली.

"विणते. पण आधी मिस्टर स्टॅलर्ड उभेच आहेत तर ती खुर्ची जरा इकडे सरकवा."

"मिस पडॉक, कार्यक्रमपत्रिकेत..." स्टॅलर्ड म्हणाले.

"पत्रिकेत नाही. इतिहासात आहे. पेल सर, खुर्चीच्या पाठीमागे पितळी पट्टी आहे, साठ वर्षं भिंतीकडे तोंड करून. तुम्हाला लिहिलेलं आवडतं ना? वाचा."

पेल वाकले. पट्टी काळी पडली होती, त्यांनी रुमालानं पुसली. मग शाळेत वाचायचे तशा खणखणीत आवाजात त्यांनी वाचलं, "'एडमंड स्टॅलर्ड यांजकडून वेदरकूमला भेट. हे कापड कचेरीतील कारकुनांनी बायकांच्या मदतीवाचून विणले. १९१९.'"

मागच्या रांगांतले लोक पट्टी बघायला पुढे सरकले.

"आता कापडावर हात फिरवा," थर्झा म्हणाली. "उजवी कड जाड, डावी विरळ. जुडी मुळाकडून बांधलेली असते. कारकुनांनी केस हाताला आले तसे दिले, सगळी मुळं एकीकडे, सगळी टोकं दुसरीकडे. डावीकडचे बारीक केस पहिल्याच महिन्यात तुटून वर आले. साठ वर्षं या गावच्या मोठ्या माणसांना बोचतंय ते हे अकुशल काम. खरं अकुशल काम. आणि यानंतर माझ्या आईसमोर कागद ठेवला, तुझं काम अकुशल आहे अशी सही कर म्हणून. तिनं केली नाही. मीही करणार नाही."

ती खाली बसेना. "केझाया पडॉक तिचं नाव. तुमच्या अख्ख्या संग्रहालयात कुठेही नाही."

स्टॅलर्डनी घसा साफ केला. "हा मुद्दा समितीच्या पुढच्या सभेत विचारात घेऊ."

"घ्या की," मागून डल्सी म्हणाली, "याच खुर्चीत बसून घ्या. गादी मी काही परत देत नाही." हॉल हसला, आणि ते हसणं स्टॅलर्डांच्या बाजूचं नव्हतं.

"विचार कशाला करायचा?" थर्झा म्हणाली. "कोणीही करेल असं काम आहे ना? तुमच्या आजोबांचेच शब्द. मला केस द्यायला माणूस हवाय. पूर्वी हे काम बारा वर्षांची पोर करायची. बसा त्या स्टुलावर."

स्टॅलर्डनी इकडेतिकडे पाहिलं. अख्खं गाव त्यांच्याकडे बघत होतं आणि वाट करून द्यायला कोणी तयार नव्हतं. ते त्या बुटक्या स्टुलावर बसले. गुडघे छातीशी आले. त्यांनी जुडीतून केस ओढला, तीन निघाले. दोन परत घालताना जुडी विस्कटली. अखेर एक केस त्यांनी आकडीत अडकवला आणि थर्झानं तो ओढून घेतला. दुसरा त्यांनी तसाच धरला, पहिल्यासारखाच.

भिंतीशी पेल उभे होते. त्यांनी खिशातली थर्झानं खोचलेली घडी काढून फाडली, मग एक नाणं काढलं आणि फलकाच्या पहिल्या स्क्रूच्या खाचेत घातलं. स्क्रू करकरला. स्टॅलर्डनी मान वळवली.

थर्झानं वळवली नाही. तिची नजर धाग्यांवर होती.

"उलटं," ती म्हणाली, आणि त्यांनी केस फिरवेपर्यंत आकडी तशीच धरून थांबली.